विचारा बिनधास्त: हवेतल्या गाण्याचं बिल कोण भरतं?

गेल्या अंकात एफएमवर जाता जाता दोन ओळी लिहिल्या तर पत्रांचा आणि मेलचा ढीगच पडला. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, सहा प्रश्न उचललेत. आधीच सांगून टाकतो, मी एकेकाळी एका एफएम स्टेशनात जाहिराती विकायचो (दोन वर्षं, टार्गेट एकदाही पूर्ण झालं नाही), त्यामुळे रेडिओचा विषय कुठूनही काढा, माझी गाडी शेवटी पैशावरच येऊन थांबते, सांभाळून घ्या.

काका, आमचे पणजोबा गिरगावात राहायचे. आजोबा सांगायचे की त्यांच्या वडिलांनी "कंपनीचा रेडिओ" ऐकला होता, सरकारी रेडिओ यायच्या आधी. घरात सगळे हसतात, म्हणतात खासगी रेडिओ तर २००० नंतर आला. आजोबा फेकायचे का?
(नाशिकहून एक वाचक)

अजिबात नाही. उलट घरातल्यांनी रांगेत उभं राहून आजोबांच्या फोटोला सॉरी म्हणायला पाहिजे.

मुंबईत खासगी कंपनीचा रेडिओ खरंच होता आणि तोसुद्धा २३ जुलै १९२७ पासून. कंपनीचं नाव इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन स्वतः आले होते. महिन्याभराने, २६ ऑगस्टला, त्याच कंपनीचं कलकत्त्याचं स्टेशन सुरू झालं. आज २३ जुलैला आपण राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणतो ना, तो याच खासगी स्टेशनच्या वाढदिवसाला. गंमत आहे की नाही, दिवस साजरा करणार सरकारी आकाशवाणी आणि वाढदिवस एका बुडालेल्या कंपनीचा!

हो, बुडालीच ती. त्याची गोष्ट जरा नीट सांगतो कारण पुढे जे जे झालं त्याचं बी इथंच आहे.

त्याआधी हौशी मंडळींचं चाललेलंच होतं. १९२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने पोस्ट आणि तार खात्याला हाताशी धरून गाण्याबजावण्याचा एक खास कार्यक्रम हवेत सोडला, गव्हर्नर जॉर्ज लॉइडसाहेबांच्या फर्माइशीवरून, आणि साहेबांनी तो पुण्यात बसून ऐकला. मग १९२३ च्या जूनमध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने कार्यक्रम सुरू केले. मद्रासचा क्लब १९२४ चा, तो १९२७ मध्ये पैसे संपले म्हणून बंद. म्हणजे बघा, पहिली घंटा तेव्हाच वाजली होती, पण ऐकतंय कोण.

कंपनीचं मुंबईतलं ट्रान्समीटर दीड किलोवॅटचं. धड ऐकू यायचं ते साधारण ३० मैलांपर्यंत, म्हणजे गिरगावातल्या तुमच्या पणजोबांना मस्त, पण नाशिकला असते तर नुसती खरखर. आणि कमाई कशावर? तर रेडिओ सेट ठेवायचा म्हणजे वर्षाला १० रुपये लायसन्स फी, त्यातले ८ रुपये कंपनीला. शिवाय परदेशातून येणाऱ्या सेटच्या किमतीवर १० टक्के. झालं, एवढंच. आता हिशोब करा. १९२७ च्या शेवटी अख्ख्या देशात लायसन्स होती साडेतीन हजारांच्या आसपास, १९२९ च्या शेवटी पोचली पावणेआठ हजारांवर. आठ हजार गुणिले आठ रुपये, म्हणजे वर्षाचे साठ-पासष्ट हजार, आणि त्यात दोन शहरांतली स्टेशनं, गवय्ये, वादक, इंजिनियर, वीज सगळं भागवायचं! सहा लाखांच्या भांडवलावर उभी राहिलेली कंपनी, किती दिवस टिकणार.

त्यात आपली माणसं. लायसन्स न घेता सेट लावायचे बिनधास्त. नुसता सेट घरात ठेवणं हा गुन्हा नव्हता तेव्हा, ते कलम आलं १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने. तोवर हवेतलं गाणं फुकटच, पकडणार कोण. (तुमच्या पणजोबांनी लायसन्स काढलं होतं का ते आजोबांना विचारायचं राहिलं असेल तर राहू दे, नको ते उकरून निघायचं.)

१ मार्च १९३० ला कंपनी गुंडाळली. एक एप्रिलला सरकारने ती हातात घेतली, नाव ठेवलं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. सरकारलाही तोटाच, १९३१ मध्ये त्यांनीही बंद करायचं ठरवलं होतं पण लोकांनी आणि सेट विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी इतकी ओरड केली की निर्णय मागे घ्यावा लागला. मग १९३२ च्या डिसेंबरमध्ये बीबीसीची एम्पायर सर्व्हिस आली, ती ऐकायला इथल्या साहेबलोकांनी धडाधड सेट घेतले, लायसन्सं वाढली आणि आपला रेडिओ जगला. बीबीसीचेच लायनेल फील्डन १९३५ मध्ये कंट्रोलर म्हणून आले आणि ८ जून १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं. आकाशवाणी हे नाव त्याहून जुनं बरं का, म्हैसूरच्या गोपालस्वामी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९३५ साली स्वतःच्या घरात छोटं स्टेशन काढलं त्याला दिलेलं, सरकारने ते नंतर उचललं. म्हणजे वाढदिवसही खासगी आणि नावही खासगीच.

आमचे बाबा अजून रेडिओ सिलोन, रेडिओ सिलोन करत असतात. मग विविध भारतीवर जाहिराती कधी आल्या? आणि एवढा उशीर का केला?
(साताऱ्याहून एक वाचक)

बाबांना सांगा, मीही त्याच पार्टीतला.

१९५२ मध्ये बी. व्ही. केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे भक्त, सिनेमाची गाणी म्हणजे त्यांना बिघडलेली चव वाटायची, त्यांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास हद्दपार झाली. तिकडे सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कोलंबोला मात्र महायुद्धात लष्कराने बसवलेलं दणदणीत शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर आयतं पडलेलं, आणि सिलोनच्या कमर्शियल सर्व्हिसला जाहिराती घ्यायला कसलीच लाज नव्हती. ३ डिसेंबर १९५२ ला बिनाका गीतमाला (बिनाका म्हणजे टूथपेस्ट) सुरू झाली, अमीन सायानी बोलायचे मुंबईत, टेप विमानाने जायची कोलंबोला आणि तिथून लाटेवर बसून परत आपल्या माजघरात. म्हणजे मुंबईची गाणी, मुंबईचा आवाज, मुंबईत विकली जाणारी टूथपेस्ट, आणि पैसे जाणार कोलंबोला. आपल्या सरकारने स्वतःच्या हाताने दुसऱ्याचं दुकान चालवून दिलं, दुसरं काय म्हणणार.

शहाणपण सुचलं ते ३ ऑक्टोबर १९५७ ला, विविध भारती आली. पण जाहिराती तेव्हाही नाहीतच. दहा वर्षं नुसतीच गाणी. सरकारने नेमलेल्या चंदा समितीने १९६६ च्या अहवालात सांगितलं की बाबांनो जाहिराती घ्या, आणि मग १ नोव्हेंबर १९६७ ला प्रयोग म्हणून सुरू केलं ते कुठे माहितीय? मुंबई, पुणे आणि नागपूर! पहिला प्रयोग महाराष्ट्रावर. स्पॉन्सर्ड कार्यक्रम त्यानंतर, १९७० पासून. तेव्हाची जिंगल्स अजून लोकांना तोंडपाठ आहेत, साबण कधीच बंद पडला तरी गाणं चालूच, अशी अवस्था. गीतमालाही शेवटी १९८९ मध्ये विविध भारतीवर आली म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं. अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा बाबा गप्प बसून असतील, मीही होतो.

दादा एक सांग ना, पुण्यात पण ९१.१, मुंबईत पण ९१.१, नागपूरला गेलो तरी तेच आकडे. एकच स्टेशन आहे का सगळीकडे? आणि माझी आई म्हणते मुंबईत आधी "गो ९२.५" आणि "विन ९४.६" होतं, ते कुठे गेले?
(डोंबिवलीहून, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

दादा म्हणालास, खूश झालो, बाकीचे सगळे काका म्हणतात.

स्टेशन एक नाही, नाव आणि मालक एक असू शकतो. बाकी स्टुडिओ, आरजे, जाहिराती ज्या त्या शहराच्या. आणि आकडे का सारखे, तर खासगी चॅनेलना जागा वाटून देताना मध्ये साधारण ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवलं. ९१.१ मध्ये मिळव ०.८, आले ९१.९. मग ९२.७, मग ९३.५, मग ९४.३. आहेत की नाही तेच आकडे? इंजिनिअर होणारेस, एवढं तुझं तुला सुटायला पाहिजे होतं. आता ह्या पट्टीत ९२.५ आणि ९४.६ बसतात का बघ. नाही बसत. ते पहिल्या लिलावातले, ही पट्टी आखायच्या आधीचे. गो ९२.५ चं पुढे रेडिओ वन झालं आणि ते ९४.३ वर सरकलं. विन ९४.६ मात्र संपलंच, २००२ मध्ये आलं आणि २००५ पर्यंत गायब.

आता ते का संपलं म्हणशील, तर त्यात पुन्हा आमचा लाडका विषय, पैसा. १९९३ च्या १५ ऑगस्टपासून आकाशवाणीने दिल्ली-मुंबईच्या एफएमवर खासगी कंपन्यांना तासाच्या हिशोबाने वेळ विकायला सुरुवात केली होती, टाइम्स एफएम वगैरे त्यातलेच, ते १९९८ मध्ये बंद झालं. मधल्या काळात ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, भांडण होतं हिरो कप क्रिकेटच्या टीव्ही प्रक्षेपणाचं, पण मुख्य निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी सांगून टाकलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. आपल्या मराठी माणसाचं हे वाक्य म्हणजे आजच्या सगळ्या एफएमचा पाया आहे आणि एकाही आरजेला त्यांचं नाव माहीत नसतं, असो.

मग सरकारने काय केलं, तर लहरी जनतेच्या म्हणून लिलावात काढल्या! ४० शहरांत १०८ फ्रिक्वेन्सी. लोकांनी डोळे झाकून बोली लावल्या. मुंबईत एका फ्रिक्वेन्सीचा आकडा गेला वर्षाला ९ कोटी ७५ लाखांवर, म्हणजे रोज सकाळी शटर उघडलं की २ लाख ६७ हजार सरकारला, मग जाहिरात मिळो न मिळो, आणि दर वर्षी त्यात १५ टक्के वाढ. कॅलक्युलेटर काढ, दहाव्या वर्षी तीच फी ३४ कोटींच्या वर जाते. जाहिरातवाले त्या वेळी रेडिओवर फुटकळ पैसे टाकायचे, म्हणायचे कोण ऐकतं हो एफएम. बऱ्याच बोलीवाल्यांनी आधीच पळ काढला, १०८ पैकी सुरू झाली जेमतेम २१ स्टेशनं. बंगळुरूत जुलै २००१ मध्ये रेडिओ सिटी लागलं ते देशातलं पहिलं खासगी, मुंबईत २००२ मध्ये पाचेक जणांची एकदम जत्रा भरली आणि सगळ्यांचं रक्त आटत गेलं. शेवटी सरकारने नेमलेल्या अमित मित्रा समितीने सुचवलं की ठराविक फी सोडा, कमाईतला हिस्सा घ्या. २००५ पासून एकदाच प्रवेश फी आणि पुढे उत्पन्नाच्या ४ टक्के, असं झालं, तेव्हा कुठे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, जळगाव, नांदेड, अकोला अशी गावं एफएमच्या नकाशावर आली.

१९३० ला लायसन्सची कमाई कमी पडून एक कंपनी मेली, ह्या वेळी लायसन्सच्या फीनेच गळा आवळला. उलटं आहे, पण मरण तेच.

खासगी एफएमवर बातम्या का नसतात? घाबरतात का?
(लातूरहून एक वाचक)

घाबरायचा प्रश्न येत नाही, परवानगीच नाही. ट्रॅफिक, हवामान, परीक्षांचे निकाल, खेळाचा स्कोअर हे चालतं, "बातम्या" नाही. एफएम लायसन्सच्या तिसऱ्या फेरीच्या नियमांत एवढीच सवलत की आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं, एक शब्द न बदलता लावता येतं, २०१९ पासून ते फुकट दिलं जातं. तरी फार कुणी लावत नाही, गाण्यांच्या मध्ये तो गंभीर आवाज आला की श्रोता दुसरीकडे उडी मारतो, असं प्रोग्रामिंगवाल्यांना वाटतं. टीव्हीवर चोवीस तास आरडाओरडा चालतो, पेपर काहीही छापतात, मोबाइलवर तर विचारू नका, आणि रेडिओला मात्र बातमी द्यायला बंदी. मला विचाराल तर हे अगदीच हास्यास्पद आहे.

एकच गाणं दिवसात आठ वेळा का वाजवतात हो? आरजेला कंटाळा येत नाही का? आणि मराठी गाणी का नाहीत मुंबईत?
(ठाण्याहून, कंटाळलेली गृहिणी)

ताई, आरजेच्या हातात काही नसतं. लोकांना वाटतं तो बसलाय, मनाला येईल ते लावतोय. गाण्यांची यादी आधी कॉम्प्युटर काढतो, म्युझिक मॅनेजरने कप्पे करून ठेवलेले असतात, नवीन हिट, जरा जुनं, फार जुनं, प्रत्येक कप्पा किती तासांनी फिरायचा ते ठरलेलं. आरजेला दोन गाण्यांच्या मध्ये बोलायचं, त्याला लिंक म्हणतात, तीही मोजून. आमच्या स्टेशनात एक पोरगा होता, छान आवाज, त्याने एकदा स्वतःच्या आवडीचं एक जुनं गाणं घुसवलं तर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्याची हजेरी घेतली सगळ्यांसमोर. आणि त्याच मीटिंगमध्ये मी विकलेली एका सराफाची जाहिरात चुकून दोन दिवस वाजलीच नव्हती त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, बिल माफ करायला सराफाकडे गेलो मी एकटा, चहासुद्धा नाही विचारला त्याने.

एकच गाणं का, तर हिशोब असा की तुम्ही सलग ऐकत नाही. गाडीत वीस मिनिटं, किचनमध्ये अर्धा तास. त्या अर्ध्या तासात हिट लागलंच पाहिजे नाहीतर तुम्ही बटन दाबणार. तुमच्यासारखं दिवसभर लावून ठेवणारं माणूस म्हणजे ह्या सगळ्या गणिताचा बळी. २००७ पासून मुंबई-दिल्लीत श्रोते मोजायचे ते कसे, तर काही निवडक लोकांना डायरी द्यायचे, कधी कुठलं स्टेशन ऐकलं ते हाताने लिहून काढा. आता माणूस आठवून लिहिणार म्हटल्यावर नाव लक्षात राहिलं पाहिजे, म्हणून दर चार मिनिटांनी स्टेशनचं नाव आणि आकडा कानात ओतायचा. ती सवय लागली ती लागलीच.

गाण्यांचे पैसेही द्यावे लागतात, ते लोकांना माहीत नसतं. आधी "नीडल अवर"वर मोजायचे, म्हणजे रेकॉर्डवर सुई जितका वेळ टेकली तितका वेळ, सुई जाऊन जमाना झाला पण शब्द राहिला. २००२ मध्ये कॉपीराइट बोर्डाने तासाला १२०० रुपये ठरवून दिले, स्टेशनवाले रडकुंडीला आले, कोर्टकचेऱ्या झाल्या, मग ऑगस्ट २०१० मध्ये जाहिरातीच्या निव्वळ कमाईच्या २ टक्के असं झालं.

मराठीचं म्हणाल तर ते दुखणं खरं आहे. जाहिरात एजन्सीच्या डोक्यात मुंबई म्हणजे हिंदी मार्केट हे पक्कं बसलंय, मराठी लावलं तर "प्रीमियम" ग्राहक जातो म्हणे. आम्ही काय मीठ-मिरचीच विकत घेतो का फक्त? कोल्हापुरात टोमॅटो एफएम आहे, पुढारीवाल्यांचं, तिकडे गेलात की ऐका, फरक कळेल. तोवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी आहेच, मोबाइलवर ॲपमध्ये लागते.

माझा आवाज चांगला आहे, गावात ओळखी आहेत. तालुक्याला स्वतःचं एफएम स्टेशन काढायचं तर किती खर्च येईल? जाहिरातीवर चालेल का?
(बार्शी तालुक्यातून एक तरुण)

आधी एक गोष्ट, एकट्या माणसाला लायसन्स मिळत नाही. कमर्शियल पाहिजे तर कंपनी लागते आणि सरकारने यादीत टाकलेल्या शहरासाठी लिलावात बोली लावावी लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने आणखी २३४ शहरांतल्या ७३० चॅनेलना मंजुरी दिली, राखीव किंमत (म्हणजे बोलीची किमान रक्कम) सगळी मिळून ७८४ कोटी ८७ लाख. आपल्याकडची लातूर, चंद्रपूर, यवतमाळ अशी शहरं आहेत त्यात.

दुसरा रस्ता कम्युनिटी रेडिओचा. तो संस्थेला मिळतो, कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र किंवा निदान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत संस्था. ट्रान्समीटर १०० वॅटपर्यंत, म्हणजे साधारण पाच-दहा किलोमीटर, तुमचं गाव आणि आजूबाजूच्या वाड्या. जाहिराती घेता येतात पण तासाला ठराविक मिनिटंच. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालू आहे, एकदा बघून या. तिथे बायका चालवतात स्टेशन, स्वतः लिहितात, स्वतः बोलतात, त्यांच्याकडे वीजबिलाचा आणि पगाराचा हिशोब नीट विचारा, लाजू नका. आवाजाबद्दल नंतर विचारलंत तरी चालेल.

आणि परत आल्यावर आपल्या तालुक्यातल्या दहा दुकानदारांकडे जा, खतवाला, सराफ, मोबाइलवाला, मंगल कार्यालय. प्रत्येकाला विचारा की महिन्याला किती देशील, तोंडी नको, कागदावर लिहून घ्या. मग मला कळवा किती जणांनी लिहून दिलं.